काकांची डावी बाजू

आत्यानं अकराची वेळ दिली म्हणजे अकरा. शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन तिला सात वर्षं झाली होती, पण घरातली माणसं तिच्यासमोर अजूनही घंटा झाल्यासारखी गप्प होत. म्हणून ठिपकीनं पहाटेची बस पकडली आणि पावणेअकराला ती दुकानाच्या दाराशी उतरली. पिशवीत कपड्यांचे दोन जोड आणि मंगळवारच्या पेपरच्या नोट्स होत्या. बसमध्ये चार तास तिनं त्या नोट्सवरून डोळे फिरवले होते, पण आत काही शिरलं नव्हतं. आत्याचं फोनवरचं बोलणंच मनात घोळत राहिलं.

"दोघं भाऊ वेगळे होतायत," आत्या म्हणाली होती. "तू ये. तुझा बाप तुझं ऐकतो असं नाही, पण तुझ्यासमोर जरा कमी आवाज चढवतो."

वेगळे होण्यासारखं त्या दोघांकडे एक दुकान होतं आणि चाळीस वर्षांची सवय होती. खाली पाट्यांचं दुकान, वर घर. काका अक्षरं काढायचे, बाबा चौकटी ठोकायचे आणि पाट्या वर चढवायचे. शहरातल्या निम्म्या दुकानांच्या कपाळावर काकांच्या हाताची अक्षरं होती. फळी केवढीही असो, ते दोन पावलं मागे सरत, एक डोळा बारीक करत आणि खडूनं मध्य दाखवत. बाबा मग टेप लावून बघत. आयुष्यात एकदाही फरक पडला नव्हता, तरी बाबा टेप लावायचे सोडत नव्हते आणि काका त्यावर हसायचे सोडत नव्हते. ठिपकीचं ते नावही तिथलंच. चार वर्षांची असताना काका तिला उचलून धरत आणि पाटीवरचे अनुस्वार तिच्याकडून द्यायला लावत.

पदवी झाल्यावर तीन वर्षं ती याच दुकानात बसली. मग तिनं मेंदूविज्ञानाच्या एम.एस्सी.ला अर्ज केला आणि घरात मोठं रामायण झालं. पाट्या रंगवणाऱ्याच्या मुलीला लोकांच्या मेंदूत काय ठेवलंय, असं बाबांचं म्हणणं होतं. काकांनी मात्र फॉर्मवर पालक म्हणून स्वतः सही ठोकली. "अक्षर हातात नसतं, डोक्यात असतं," ते बाबांना म्हणाले होते. "तिला एकदा डोकं आतून बघून येऊ दे."

तेव्हापासून प्रत्येक सुट्टीत काका तिच्याकडून हिशेबानं सगळं वदवून घेत. प्रयोगशाळेत मेंदू हातात घेतला तेव्हा तो किती जड लागला, डोक्याला तारा लावायचा तो चिकट लेप केसांतून निघतो कसा, आणि संख्याशास्त्राच्या पेपरला ती रडली होती ते खरं का. बाबा शेजारी बसून काही न विचारता सगळं ऐकत.

ती दारातून आत आली तेव्हा काका फळीसमोर स्टुलावर बसले होते. "काका," तिनं हाक मारली. त्यांनी मान उचलली आणि उजवीकडे, गल्लीतल्या खिडकीकडे पाहिलं. तिनं पुन्हा हाक मारली. ते पुन्हा खिडकीकडेच पाहत म्हणाले, "आलीस? मग आत ये की, बाहेर काय उभी?"

ती पाच हातांवर उभी होती. वळसा घालून ती त्यांच्या समोर गेली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी तिचे दोन्ही गाल धरले आणि हॉस्टेलवाले तुला उपाशी ठेवतात का, म्हणून विचारलं. उजवा गाल गुळगुळीत होता. डाव्या गालावर मात्र चार-पाच दिवसांचे पांढरे खुंट राहिले होते. आणि डाव्या बाहीचं बटण उघडंच लोंबत होतं.

तिच्या मनात शंका आली. पण तिनं ती तिथल्या तिथे दाबली, कारण अशा शंकांचा तिचा अनुभव चांगला नव्हता. मागच्या सुट्टीत आत्या दोनदा किल्ल्या विसरली, म्हणून हिनं जेवणाच्या टेबलावरच स्मृतिभ्रंशाचं व्याख्यान दिलं होतं. आत्याच्या साऱ्या तपासण्या झाल्या. काहीच निघालं नाही. आत्या पुढे महिनाभर तिच्याशी बोलली नव्हती. विभागातल्या मॅडम पहिल्याच तासाला म्हणाल्या होत्या की, या अभ्यासक्रमातला प्रत्येक विद्यार्थी पहिल्या सहा महिन्यांत घरातल्या सगळ्यांना आजारी ठरवतो. ते करू नका, घरची माणसं म्हणजे सरावाची वही नव्हे. ठिपकीनं हे वाक्य लिहून घेतलं होतं आणि तरीही ती चूक केली होती.

बैठक वरच्या खोलीत बसली. काका टेबलाच्या टोकाला आपल्या जागी, बाबा त्यांच्या डाव्या हाताला आपल्या जागी. आत्या समोर वही उघडून बसली, काकू दाराच्या चौकटीला टेकून उभी. आत्यानं वहीत मुद्दे घातले होते. भांडण तीन आठवड्यांपूर्वीचं. बाबांना पाट्या छापायचं मशीन आणायचं होतं. हातानं रंगवलेल्या पाट्या आता कितीजण मागतात, हा त्यांचा सवाल. काका संतापून म्हणाले होते, "आण. पण तुझ्या त्या मशीनकडे मी बघणारसुद्धा नाही, आणि तुझ्याकडेही."

"आणि त्यानं ते खरं केलं," बाबा म्हणाले. आवाज शांत होता, पण हातातली टेप ते ओढत होते आणि सोडत होते. "दुसऱ्या दिवसापासून. मी इथे बसतो, जेवतो, बोलतो. हा वळून बघत नाही. उत्तर दिलंच तर भिंतीला देतो. चाळीस वर्षांत आम्ही कमी भांडलो का? पण असं कधी केलं नव्हतं त्यानं."

काका आत्याकडे पाहत होते. "ताई, तूच बघ," ते म्हणाले. "आवाज आतून येतो याचा. तीन आठवडे झाले, समोर येऊन बसत नाही. मी काय समजायचं?"

बाबांनी टेप टेबलावर ठेवली. "बघितलंस?" ते आत्याला म्हणाले. "ही अशी चेष्टा चालते माझी."

मग दाताच्या डॉक्टरांची पाटी निघाली. ती परत आली होती आणि भिंतीला टेकवून ठेवली होती. डॉक्टरांनी मजकूर दिला होता: न दुखता दात काढून मिळेल. काकांनी काढलं होतं: दुखता दात काढून मिळेल. अक्षरं नेहमीसारखीच देखणी, पण सगळी उजवीकडे सरकलेली, आणि डावीकडे वीतभर फळी कोरी. वाक्याला अर्थ होता म्हणून दोन दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग एका पेशंटनं डॉक्टरांना विचारलं की, न दुखणारा दात कुठे काढून मिळेल?

ठिपकीला हसू आलं, पण बाबांच्या चेहऱ्याकडे पाहून ते विरलं. त्या पाटीचं काम बाबांनी आणलं होतं, डॉक्टरांना शब्द त्यांनी दिला होता. आपल्याला तोंडघशी पाडण्यासाठी भावानं मुद्दाम एक अक्षर खाल्लं, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"खाल्लं कुठे?" काका म्हणाले. ते पाटीकडे पाहून मोठ्यानं वाचू लागले. "न दुखता दात काढून मिळेल. आहे की सगळं."

 आत्यानं चष्मा काढून पुसला आणि जेवून घेऊ म्हणाली. दुकानाची वाटणी जेवणानंतर लिहायची ठरली. उठता उठता काका म्हणाले की, त्यांना लांबण लावून चालणार नाही, उद्या सकाळी सहाला नाट्यगृहाच्या भिंतीचं काम सुरू करायचंय. तीन मजली परांची बांधून तयार होती. ते नेहमीप्रमाणे एकटेच वर चढणार होते.

जेवताना ठिपकीनं काकांच्या ताटावरून नजर हलवली नाही. भात, बटाट्याची भाजी, पाव, काकडी. काकांनी उजवीकडचा भात संपवला, उजवीकडची काकडी संपवली, आणि हात थांबवून म्हणाले, "भाजी नाही केली आज?" भाजी ताटात होती, डावीकडे, न चिवडलेली. काकूनं एक शब्द न बोलता हात पुढे केला, ताट अर्ध्यानं फिरवलं आणि पुन्हा आपल्या घासाकडे वळली. काका भाजी खाऊ लागले.

ते फिरवणं सवयीचं होतं. एकदा केलेलं नव्हतं.

भांडी उचलायच्या निमित्तानं ठिपकी काकूच्या मागे स्वयंपाकघरात गेली. ती काही विचारणार तोच काकूनं नळ पूर्ण सोडला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

"किती दिवस ताट फिरवतेस?"

काकू ताटं घासत राहिली. "भांडणाच्या दुसऱ्या दिवशी दुकानात चक्कर आली त्यांना," ती अखेर म्हणाली. "खाली बसले. हातातला ब्रश पडला, तोच डावा पायही जरा लटका पडला. तासाभरात उठले. म्हणाले, कुणाला सांगू नकोस, धाकटा म्हणेल म्हातारा झाला आणि मशीन आणून उभं करेल. मी नाही सांगितलं. मग हे ताटाचं सुरू झालं. दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटतो. सदऱ्याची एकच बाही घालून दुकानात गेले एकदा, मी जिन्यात धरलं." तिनं ओल्या हाताच्या मागच्या बाजूनं डोळे पुसले. "मला वाटलं, फिरवून फिरवून होईल ठीक. ब्रश गेला तर ते जगायचे नाहीत गं. तुला माहितीय ना?"

ठिपकीला माहीत होतं. तिनं काकूच्या खांद्यावर कपाळ टेकलं. मग मागच्या जिन्यात जाऊन तिनं रविवारच्या दुपारी मॅडमना फोन लावला. आधी तीनदा माफी मागितली. मॅडमनी मधे न बोलता सगळं ऐकलं. फक्त चक्कर नेमकी कधी आली होती आणि पाय किती वेळ लटका होता, एवढंच विचारलं.

"तुला काय वाटतंय ते मला कळलं," त्या म्हणाल्या. "पण घरात त्या आजाराचं नाव घेऊ नकोस. तू डॉक्टर नाहीस आणि निदान तू करायचं नाहीस. जे डोळ्यांनी पाहिलंस तेवढंच सांग. आणि आजच्या आज हॉस्पिटलात न्या. असा एक झटका येऊन गेला असेल तर दुसरा वाट बघत नाही. उद्यावर टाकू नका."

आता तिला भीती वाटली ती निराळीच. वर्गात हे प्रकरण तिच्या सगळ्यात आवडीचं होतं. डोळे धड असतात, पण मेंदूचा उजवा भाग दुखावला की जगाची डावी बाजूच माणसाच्या लक्षातून निघून जाते. आणि गेली हेही त्याला कळत नाही. परीक्षेत यावर प्रश्न यावा म्हणून ती वाट पाहत होती. तिनं त्या रुग्णांची चित्रं पाहिली होती, अर्धं घड्याळ, अर्धं फूल, आणि वर्गमैत्रिणींबरोबर ती थक्क होऊन हसलीही होती. त्यांतलं एकही चित्र तिच्या ओळखीच्या हातानं काढलेलं नव्हतं.

ती वर आली तेव्हा आत्यानं वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली होती. एकीकडे रंग, ब्रश, गिऱ्हाइकांच्या नावांची वही. दुसरीकडे करवती, रंधे, पुढची खोली. ठिपकी उभी राहिली आणि म्हणाली की, वाटणी करायची तर खुशाल करा, पण त्याआधी काकांना दवाखान्यात न्यायला हवं.

आत्यानं पेन खाली ठेवलं. "झालं सुरू," ती म्हणाली. "माझ्या किल्ल्या झाल्या, आता याचा न."

"तुझ्या वेळी मी चुकले, आत्या," ठिपकी म्हणाली. "मी तुला आजाराचं नाव सांगितलं होतं. आज नाव सांगत नाही. आज सकाळपासून काय काय पाहिलं तेवढंच सांगते."

आणि तिनं सांगितलं. हाक, गाल, बाही, ताट. चक्कर आल्याचं सांगताना ती थांबली. ते काकूचं होतं. काकू दारातून पुढे आली आणि ते तिनं स्वतः सांगितलं, नवऱ्याकडे न बघता. काका ताडकन उठले. ज्या बायकोला बजावलं होतं तिनं भर बैठकीत पाठीत वार करावा, याचं त्यांना फार लागलं. आपल्याला काहीही झालेलं नाही, आयुष्यात इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं, असं ते म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते.

पण ठिपकीला सगळ्यात लागलं ते बाबांचं बोलणं. "तू त्याचीच बाजू घेणार," ते म्हणाले. "त्यानं सही केली होती ना फॉर्मवर. आता त्याच्या वागण्यालाही शास्त्रातलं कारण शोधून आणलंस. मी तीन आठवडे याच्या शेजारी बसून घास गिळतोय, त्याला काय कारण देणार आहेस?"

 तिला जे सुचलं ते दुकानातलं होतं. "काका," ती म्हणाली, "खाली चला. मला एका फळीचा मध्य काढून द्या."

ते इतके चिडलेले असूनही त्यांना हे आवडलं. ते जिन्यानं उतरले, डावा खांदा चौकटीला घासून. बाकीचे मागोमाग. नाट्यगृहाच्या कामाची लांब फळी दोन लाकडी घोड्यांवर आडवी ठेवलेली होती. काका दोन पावलं मागे सरले, एक डोळा बारीक केला, पुढे झाले आणि खडूची उभी रेघ ओढली. हात जराही हलला नाही.

टेप लावायची गरजच नव्हती. रेघ मध्यापासून उजवीकडे दीड वीत सरकलेली होती, इतकी की आत्याच्याही लक्षात आलं. बाबांनी तरीही टेप लावली. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. मग पुन्हा डावीकडून. 

"काय झालं?" काकांनी विचारलं. "आण ती टेप इकडे." त्यांनी स्वतः मोजलं. टेपचं टोक त्यांनी फळीच्या कडेला लावलंच नाही. त्यांच्या लेखी फळी जिथून सुरू होत होती तिथे लावलं, चांगलं तीन विती आत. दोन्हीकडचा आकडा सारखा आला. "बरोबर मधोमध," ते म्हणाले आणि सगळ्यांकडे समाधानानं पाहिलं. सगळ्यांकडे म्हणजे उजवीकडच्या तिघींकडे.

ठिपकीला वाटलं, संपलं. ज्याला पटवायचं त्याच्यापुरतं सगळं बरोबरच होतं. यापुढे काय करायचं ते तिच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

बाबा फळीच्या डाव्या टोकाशी उभे होते.  तिथूनच ते म्हणाले, "दादा."

काकांनी उजवीकडे पाहिलं. खिडकी पाहिली, दाराकडे पाहिलं.

"दादा, मी इथे आहे."

काका उजवीकडेच शोधत राहिले. चेहऱ्यावर रागाचा लवलेश नव्हता. कोणी हाक मारली ते न दिसल्यावर माणूस जसा गोंधळतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. बाबांना ते प्रथमच दिसलं, कारण तीन आठवडे त्यांनीही भावाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं नव्हतं. ते सावकाश चालत फळीला वळसा घालून उजवीकडे आले आणि काकांच्या पुढ्यात उभे राहिले.

काका एकदम हसले. "अरे," ते म्हणाले, "होतास कुठे इतके दिवस?"

"इथेच होतो," बाबा म्हणाले. 

आत्यानं हातातली वही मिटली. बाबांनी काकांच्या डाव्या बाहीचं बटण लावलं. मग म्हणाले, दवाखान्यात जाऊन येऊ. काकांनी सांगितलं की आपल्याला काहीही पटलेलं नाही. फळी वाकडी असेल, नाहीतर टेप ताणली गेली असेल. उद्या सहाला भिंत आहे ती आहेच. "पण तू येणार असशील तर येतो," ते म्हणाले. "तू रुसून बसणार नसशील तर."

"नाही बसत," बाबा म्हणाले.

संध्याकाळी पाचला काका हॉस्पिटलच्या खाटेवर होते. डॉक्टरीणबाईंनी मेंदूच्या स्कॅनची फिल्म उजेडासमोर धरली. मेंदूच्या उजव्या भागात, कानाच्या थोडं वर आणि मागे, एक राखाडी डाग होता. तीन आठवड्यांपूर्वीच तिथला रक्तपुरवठा अडला होता. हृदयाचे ठोकेही मधूनमधून चुकत होते. रक्ताच्या गाठी तिथूनच येत असाव्यात. रक्त पातळ राहण्याचं औषध लगेच सुरू झालं. उद्या ते परांचीवर चढणार होते, हे काकूनं सांगितलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी फिल्म खाली ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "बरं झालं आज आलात."

अक्षर परत येईल का, ते काकूनं विचारलं. पुष्कळ येईल, पण मेहनत लागेल आणि महिने लागतील, असं त्या म्हणाल्या. वचन त्यांनी दिलं नाही. नाट्यगृहाचं काम काही महिने पुढे ढकलण्याचं बाबांनी व्हरांड्यातूनच ठरवून टाकलं. आत्यानं वाटणीचं पान फाडलं आणि त्याच्या पाठीमागे कुणी कुठल्या वेळी खाटेशी बसायचं त्याचं वेळापत्रक लिहिलं. स्वतःचं नाव तिनं सगळ्यात जास्त वेळा घातलं होतं. ते ठिपकीला दाखवताना ती हळूच म्हणाली, "किल्ल्यांचं मी विसरले बरं का," आणि मग स्वतःच्याच बोलण्यानं तिला हसू फुटलं.

मंगळवारचा पेपर ठिपकीनं दिला नाही. तो आता सहा महिन्यांनी द्यायचा होता. काकांना हे बुधवारी कळलं आणि त्यांनी तिची चांगलीच खरडपट्टी काढली. आपण काय मरायला टेकलो होतो का, धडधाकट माणसासाठी मुलीनं वर्ष वाया घालवायचं? बाबांनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, वर्ष नाही, सहाच महिने. आणि फी-बी, हॉस्टेल-बिस्टेल सगळं ते बघतील. तिनं तिथेच राहून शिकायचं. हे बोलताना ते तिच्याकडे न बघता पाण्याची बाटली भरत होते.

चौथ्या दिवशी उपचार करणारी एक तरुण बाई आली. ठिपकीपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिनं काकांसमोर कागद ठेवला, त्यावर सगळीकडे आखूड रेघा होत्या, आणि प्रत्येक रेघ खोडायला सांगितलं. काकांनी उजव्या बाजूच्या सगळ्या खोडल्या आणि पेन ठेवून दिलं. बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. तो कागद ठिपकीला तोंडपाठ होता. कुठल्या ओळीत किती रेघा असतात, गुण कसे मोजतात, सगळं. बाईंनी वळून तिला विचारलं, "तुम्ही कोण यांच्या?"

"पुतणी," ठिपकी म्हणाली.

मग बाईंनी तिला आणि बाबांना समजावून सांगितलं, अगदी सोप्या शब्दांत, की यांचे डोळे चांगले आहेत, पण डावीकडचं काही यांच्या लक्षातच येत नाही. हे मुद्दाम करत नाहीत. हट्ट नाही हा. ठिपकी मान डोलवत ऐकत राहिली. ते सांगताना बाईंनी काकांच्या पायावर हात ठेवला होता. आपल्या नोट्समध्ये हे कुठेच लिहिलेलं नाही, असं तिला वाटून गेलं.

"नातेवाइकांनी डावीकडे बसायचं," बाई म्हणाल्या. "सोपं करून द्यायला उजवीकडे जाऊ नका. डावीकडून हाक मारा आणि थांबा. शोधू दे त्यांना. वेळ लागेल. चिडायचं नाही."

"आपल्याला सवय आहे," बाबा म्हणाले आणि त्यांनी खुर्ची उचलून खाटेच्या डाव्या बाजूला नेली.

बाई गेल्यावर त्यांनी हाक मारली. काकांनी खिडकीकडे पाहिलं. बाबांनी खाटेच्या डाव्या कडेवर हात ठेवून पुन्हा हाक मारली आणि थांबले. काकांची मान समोर आली, तिथे अडली. ठिपकीनं सवयीनं मनातल्या मनात सेकंद मोजायला घेतले. सात-आठवर गेल्यावर आपण काय करतोय ते तिच्या लक्षात आलं आणि तिनं मोजणं सोडून दिलं. मान आणखी थोडी वळली. काकांची नजर चादरीवरून सरपटत कडेशी आली, तिथे तिला आधी बोटं सापडली, मग मनगट, मग बाही. आणि बाहीवरून ती धापा टाकत चढावी तशी वर चढत गेली.

"हं," काका म्हणाले. कपाळावर घाम होता. त्यांनी भावाचा चेहरा निरखून पाहिला. "थकलेला दिसतोस रे. घरी जाऊन झोप जरा."

"जातो," बाबा म्हणाले आणि बसून राहिले.